सावलीतलं काम

हेळवी दारात आला तेव्हा आमचे हे गिरणीच्या पायरीवर बसून श्वास गोळा करत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले आणि केसांपासून भुवयांपर्यंत पीठच पीठ. वय एकोणतीस, पण त्या पिठापायी पन्नाशीचे दिसायचे. आत इंजिनाचं पुकपुक चालू होतं, आणि जोंधळ्याचे डबे रांगेत लावून चार बायका ओट्यावर गप्पा हाणत बसल्या होत्या.

"मालक हायत काय घरात?" हेळव्यानं विचारलं.

ह्यांनी नुसतं बोट घराकडं केलं. बोलायला वारा शिल्लक नव्हता.

"बस गा, बस. बोलू नगंस," हेळवी म्हणाला, आणि मग जरा वाकून त्यांच्या तोंडाकडं बघत, "लक्ष्मणकाकाचंच रूप घेऊन आलास की रे!"

मी सहा महिन्यांची मंगल काखेत मारून उंबऱ्यात उभी होते. त्या क्षणी मला हेळव्याच्या टाळक्यात हातातला तांब्या घालावासा वाटला. कारण लक्ष्मणकाका, म्हणजे ह्यांचे चुलते, सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच पायरीवर, तसेच बसल्याबसल्या गेले होते.

शहरातल्या माणसाला हेळवी ठाऊक नसतो, म्हणून सांगते. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांभाळणारा. आमच्या गडहिंग्लज भागात तीन-चार वर्षांतून एकदा, सुगी आटोपली की येतो. पूर्वी म्हणे बैलावर बसून यायचे. आमचा यल्लाप्पा हेळवी एसटीनं यायचा आणि फाट्यापासून चालत येताना वाटेतल्या प्रत्येक घरी चहा प्यायचा. लाल फडक्यात बांधलेली चोपडी, तिच्यात कुणाच्या पोटी कोण, कोण कुठं जाऊन वसलं, सुनांची माहेरं कुठली, सगळं. ओसरीवर घोंगडं टाकायचं, घराण्याचा पाढा वाचायचा, नवी नावं चढवायची आणि शिधा, धोतर, एखादं भांडं घेऊन पुढचं गाव गाठायचं. आमच्या करंबवाडीत खोराट्यांची आठ घरं होती, म्हणजे त्याचा आठवडाभर मुक्काम.

आमच्या ह्यांचं नाव श्रीपती. आता मी ते खुशाल घेते, तेव्हा घेत नव्हते. तर श्रीपती खोराट्यांना तिसऱ्या वर्षापासून दमा. लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी लपवलंही नव्हतं. आमच्या घरात ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. 'खाण तशी माती,' एवढं म्हणून सगळे मोकळे व्हायचे. आजोबांना होता, लक्ष्मणकाकांना होता, ह्यांना आहे. एकाला असायचाच. आजोबा सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, काका सत्तेचाळिसाव्या. मंगल झाली त्याच्या पाचव्या दिवशी हे तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि मला म्हणाले, "हिचं लगीन जरा लवकर उरकू. मला बघाय घावलं पायजे."

बाळंतीण होते, अंगात त्राण नव्हतं, नाहीतर तिथंच भांडले असते. पाच दिवसांच्या पोरीच्या लग्नाचं बोलणं! पण ते काही चेष्टा करत नव्हते. त्यांनी मनाशी सतरा-अठरा वर्षं धरली होती आणि तेवढ्यात बसवता येईल तेवढा संसार बसवत होते. 

हेळवी यायच्या तीनेक आठवडे आधी मी त्यांना ओढत गडहिंग्लजला डॉक्टर हुक्केरीबाईंकडं नेलं होतं. ओढत म्हणजे खरंच ओढत. ओठ निळे पडायला लागले होते. बाईंच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी त्यांनी ह्यांना पुढं घेतलं. सुई दिली, वाफ दिली, आणि जरा वारा आत गेल्यावर विचारलं, "घरात आणखी कुणाला दमा आहे?"

"सगळ्यांना," हे म्हणाले. सातबाऱ्यावरची नावं सांगावीत तसे.

"सगळ्यांना म्हणजे?"

"आजा, काका आणि मी. रक्तातच हाय आमच्या."

"वडलांना?"

"न्हाई."

"भावाला?"

"त्याला कशाला? बैलागत हाय तो."

"मग सगळ्यांना कसा?" बाई हसल्या. "काम काय करता?"

"बसून असतोय बाई. हलकं काम हाय, सावलीतलं."

मीही शेजारी मान डोलावली. ही माझी चूक, आणि ती मी आजही कबूल करते. आमच्या घरात गिरणीला कुणी गिरणी म्हणत नसे. 'सावलीतलं काम' म्हणत. शेतात दीर घाम गाळायचे, सासरे गाळायचे, आणि ह्यांना बसायला घोंगडं, डोक्यावर कौलं. मलाही ते सुखाचंच वाटायचं.

बाहेर गर्दी होती. बाईंनी ते तेवढ्यावरच सोडलं, पण मला जवळ बोलावून एक कागद दिला. "तू शिकलेली दिसतेस. दमा रक्तातून येतो हे खरं आहे. म्हणजे तो होण्याचा कल येतो. मग कुणाचा भराभर वाढतो, कुणाचा जन्मभर तेवढाच राहतो, त्यातही रक्ताचा वाटा असतो. पण सगळाच्या सगळा नसतो. तुमच्यात तो चाळिशीतच माणूस का नेतो, ते मला कळायला हवं. प्रत्येकाचं लिहून आण. नाव, कितव्या वर्षी लागला, काम काय, राहायला कुठं, गेला असेल तर कितव्या वर्षी. ज्यांना दमा नाही त्यांचंसुद्धा. लेकीसुद्धा."

आणि पंप दिला. रोज सकाळ-संध्याकाळ दोनदा ओढायचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही, असं चारदा बजावून.

घरी आल्यावर ह्यांनी तो पंप भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि पाठ फिरवली. "काकाला शेवटच्या महिन्यात पंप दिलता. पंप आला की त्याच्या मागनं यम येतोय."

"यम पंपाची वाट बघत बसलाय होय?"

"तुला काय कळतंय?"

झालं. पालथ्या घड्यावर पाणी. मी तीन आठवडे रोज तो पंप पुसून ठेवायची आणि ते रोज त्याच्याकडं न बघता जायचे. कागदही तसाच कोरा होता, कारण जुनं कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "मेलेल्यांची वयं काय करायचीत सूनबाई?" आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. दत्तोबामामा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा, तोंडानं फटकळ आणि आतनं लोण्यासारखा माणूस. धाकट्या लेकाची धाप ऐकू आली की जेवता जेवता त्यांचा घास तसाच हातात राहायचा. पण औषधाचं नाव काढलं की म्हणायचे, "रक्ताला औषध असतंय व्हय?"

म्हणून हेळवी आला तसा माझा राग गिळून मी आधी त्याला गुळाचा चहा दिला आणि मग ओसरीच्या कडेला, डॉक्टरबाईंचा कागद आणि पेन्सिल घेऊन, मंगलला मांडीवर टाकून बसले.

यल्लाप्पानं तिरका डोळा केला. "काय वैनी, तुम्ही बी हेळवी झाला काय? माझ्या पोटावर पाय आणताय."

"तुमचं तुम्ही लिवा, माझं मी लिवते," मी म्हणाले. "हिचं नाव घालणार की न्हाई चोपडीत?"

"लेकींची नावं घालायची चाल न्हाई."

"मग चाल पाडा. चहा दोनदा पिलासा."

मामा हसले. हेही तोवर तोंड धुऊन आत येऊन भिंतीला टेकले होते. गिरणीवर दिराला दहा मिनिटं उभं केलं होतं. हेळव्यानं चोपडी कपाळाला लावली, डोळे मिटले आणि त्याच्या त्या लांबलचक चालीत सुरू झाला. वाचतो म्हणायचं, पण चोपडी उघडी नुसती समोर. सगळं पाठच असतं.

"खोराट्यांचा मूळपुरुष मल्हारी... मल्हारीचा सिद्दू, शब्दाला जागणारा, दारचा माणूस उपाशी न धाडणारा... सिद्दूला दोन लेक. थोरला रामजी, धाकटा तातोबा. रामजी अंगानं दुबळा, लहानपणापासनं धाप. बापाची माया मोठी! दुबळ्या लेकराला उन्हात घातलं न्हाई. चार एकरांतला एक एकर विकला, इंजिन आणलं, गिरणी घालून दिली, लेकराला सावलीला बसवलं..."

मी लिहिलं : रामजी. धाप लहानपणापासून. काम, गिरणी.

"रामजीला दोन लेक. थोरला लक्ष्मण, धाकटा दत्तोबा. लक्ष्मण अंगानं दुबळा, लहानपणापासनं धाप. बापाची माया मोठी! दुबळ्या लेकराला उन्हात घातलं न्हाई. सावलीला बसवलं, गिरणी हातात दिली. दत्तोबानं नांगर धरला..."

मी लिहिलं : लक्ष्मण. धाप लहानपणापासून. काम, गिरणी.

"दत्तोबाला दोन लेक. थोरला बंडू, धाकटा श्रीपती. श्रीपती अंगानं दुबळा..."

"लहानपणापासनं धाप," मी म्हणाले.

"व्हय. बापाची माया..."

"दुबळ्या लेकराला उन्हात घातलं न्हाई."

हेळव्यानं डोळे उघडले. त्याला वाटलं मी त्याची नक्कल करते आहे. मी नक्कल करत नव्हते. माझी पेन्सिल 'काम' लिहिलेल्या रकान्यात थांबली होती. एकाखाली एक तीन वेळा तोच शब्द होता, गिरणी.

"यल्लाप्पाबाबा," मी म्हणाले, "तो धाकटा तातोबा. त्याचं काय झालं?"

"त्यो गेला की म्हशी घेऊन आजऱ्याच्या पल्याड, रानात. वाघदऱ्याला. तिकडली शाखा मी तिकडंच वाचतोय. हितं काय त्येचं?"

"त्यांच्यात दमा न्हाई?"

"न्हाई कसा? खोराट्यांचंच रक्त हाय न्हवं?" यल्लाप्पाला घराण्याच्या रक्ताबद्दल शंका घेतलेली खपली नाही. "तातोबाचा भैरू हाय. ह्या श्रीपतीगतच. लहानपणी कोंबडीगत मान टाकायचा, असं त्येची आई सांगायची. अजून थंडीत घरघर करतोय."

"अजून?" हे भिंतीचा टेका सोडून पुढं झाले. "म्हणजे जिता हाय?"

"आत्ता गेल्या महिन्यात माझी पेटी डोक्यावर घेऊन घाट चढून फाट्यापतुर आला घालवाय. वाटेत दोनदा थांबला, पण आला. त्रेसष्ट वर्सांचा हाय म्हातारा."

 बाहेर पुकपुक चालू होतं.

"त्येला काय काम दिलतं?" मी विचारलं. "दुबळ्या लेकराला?"

"काम काय द्यायचं रानात? तिकडं कुठली आलीय गिरणी? घातला म्हशींच्या मागं. दिसभर उन्हापावसात. तातोबाची बायको रडायची, म्हणायची, थोरल्या भावाजींनी लेकाला सावली दिली आणि माझं लेकरू उन्हात मरतंय." यल्लाप्पानं मान हलवली. "नशीब एकेकाचं."

"आणि आत्या?" मी मामांकडं वळले. "सखूआत्याला लहानपणी हुतं म्हणताय न्हवं तुम्ही? गोधडीत गुंडाळून बसवायची तिला आई?"

मामांनी होकारार्थी मान हलवली. सखूआत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. चंदगडकडं दिलेली, साठ वर्षांची, दर दिवाळीला येऊन आम्हा सगळ्यांना कामाला लावून जाणारी. तिला दमा होता ही गोष्ट घर विसरून गेलं होतं. लेक म्हणजे दिल्या घरची. आमच्या घरातल्या दम्यात तिला कुणी धरलंच नव्हतं. आणि लेकीला गिरणीवर कोण बसवतं?

"मामा," मी म्हणाले, "धाप दोन्हीकडं आलीया. हितं बी, वाघदऱ्याला बी, आत्याला बी. रक्त खरंच हाय. पण मेले ते गिरणीवरचे."

ह्यांना ते आधी पटेना. "मला गिरणीच्या आधीपासनं हाय की. तिसऱ्या वर्षापासनं."

"भैरूकाकाला बी हुता. त्यो तेवढाच ऱ्हायला. तुमचा वाढत चाललाय. कवापासनं वाढला? आठवा की."

ते आठवायला लागले. मी त्यांचं तोंड बघत होते. शाळेत असताना पळायचे ते, तिसरा-चौथा नंबर यायचा. अकरावीत काकांची जागा रिकामी झाली आणि शाळा सोडून गिरणीवर आले. दर आठवड्याला जात्याच्या दगडाला टाकी घालायची, म्हणजे छिन्नीनं ठोकून तो खरबरीत करायचा, तेही दारं लावून, पीठ बाहेर उडू नये म्हणून. हे सगळं त्यांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं होतं. सांगताना त्यांनाही आणि ऐकताना मलाही ते एका ओळीत कधी दिसलं नव्हतं.

मामा उठले. धोतराचा सोगा सावरला, चप्पल न घालताच अंगण ओलांडलं आणि गिरणीत शिरले. आम्हाला वाटलं दिराला काही सांगायला गेले. आणि पुकपुक थांबलं.

तुम्ही कधी गिरणी असलेल्या घरात राहिला असाल तर कळेल. तो आवाज कानाला नसतो, अंगात असतो. तो थांबल्यावर गावातली कुत्रीसुद्धा गप्प झाल्यागत वाटली. बायका ओरडायला लागल्या, "अवो मामा, माझं निम्मं दळण ऱ्हायलंय की!" मामा गिरणीच्या दारात येऊन उभे राहिले, आणि तिथनंच ह्यांच्याकडं बघत होते.

"मी बसवला त्येला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते देव जाणे. "मास्तर दारात आलता, म्हणला पोरगं हुशार हाय, शिकू द्या. मी म्हणलो, न्हाई, त्येला सावलीला बसू दे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं मामा स्वतः ह्यांना घेऊन निघाले. मी म्हणाले, मी येते, कागद माझ्याकडं आहे. मंगलला जाऊबाईंकडं टाकलं. मामांनी खिडकीची जागा ह्यांना दिली आणि मग धूळ येते म्हणून परत उठवून आतल्या बाजूला बसवलं.

हुक्केरीबाईंनी कागद टेबलावर पसरला. वरनं खाली बोट नेलं. गिरणी, गिरणी, गिरणी. मग म्हशी, संसार. मग त्यांनी चष्मा काढला. "हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की," हे म्हणाले. "सावलीतलं काम म्हणून."

बाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की पीठ पोटात गेलं तर अन्न आणि छातीत गेलं तर शत्रू. साध्या माणसालासुद्धा त्याचा त्रास होतो, आणि ज्याच्या रक्तात आधीच कल आहे त्याला तर रोज थोडं थोडं विष दिल्यासारखं.

"बाई," मामा म्हणाले, "मी बसवलंय त्येला तिथं. उन्हात नको म्हणून."

"तुम्ही मायेनंच बसवलंत."

"मायेनं बसवलं म्हणून पीठ छातीत जायचं थांबलं काय?"

 ह्यांनी वडलांच्या पाठीवर हात ठेवला. बापाला हात लावायची आमच्याकडं पद्धत नाही, पण ठेवला आणि तसाच राहू दिला.

"जे झालं ते झालं. आता किती परत येतंय ते सांगा," मामा म्हणाले.

"सगळं नाही येणार. खोटं सांगत नाही. पण वय लहान आहे. पीठ बंद केलं आणि पंप रोज घेतला, तर बरंच येईल. शेतात जाऊ दे, चालू दे, हळूहळू वाढवू दे. फक्त मळणीला नको, धुळीत नको."

"आणि यम?" मी ह्यांच्याकडं बघत विचारलं.

"कसला यम?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई बाई," हे घाईघाईनं म्हणाले, आणि माझ्या हातातल्या पिशवीतनं पंप काढून बाईंच्या समोरच ओढला. दोनदा. चुकीचा ओढला, अर्धा बाहेरच गेला. बाईंनी तिथंच धरून चारदा शिकवला.

गिरणी महिन्याभरात मोडली. गाव खूप बोललं. तीन पिढ्यांची गिरणी सुनेनं बुडवली, असंही बोललं, आणि मी ते आनंदानं ऐकून घेतलं. दळण दळायला मलाच दोन मैल डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या गावी जायला लागायचं. जाताना शिव्या घालायची, पण गिरणीला नाही, चढाला.

पहिले दोन महिने काही फरक दिसेना, आणि ते दिवस वाईट गेले. हे बांधावर जाऊन बसायचे आणि भावाला राबताना बघून लाजायचे. "बाईगत बसलोय," म्हणायचे. मी म्हणायची, "बाई बसलेली कवा बघितलीसा तुम्ही?" मग जरा हसायचे. मग एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर जायला लागले. मग खुरपं घेऊन भांगलायला. एकदा रात्रभर सरळ आडवे झोपले, उशीला पाठ न लावता. सकाळी मी घाबरून नाकाशी हात धरून बघितला, तर ओरडले, "मेलो न्हाई गं!"

आज हे एकसष्ट वर्षांचे आहेत. दमा गेलेला नाही, थंडीत घरघरतोच. आमच्या मंगललाही सातव्या वर्षी लागला. खाण तशी माती, लोक म्हणालेच. तिला आम्ही कुठंही बसवली नाही. ती आज तलाठी आहे, पंप पर्समध्ये टाकून चार गावं पायाखाली घालते आणि आम्हा सगळ्यांवर ओरडते. दोन खेपांनंतर यल्लाप्पाच्या पोरानं तिचं नाव चोपडीत घातलं. पण हे सगळं पुढचं. मला सांगायचा आहे तो त्या वर्षीच्या आश्विनातला एक दिवस.

भुईमूग काढणी चालली होती. आमचा वरचा तुकडा माळावर आहे, आणि वाट दमछाक करणारी. मी भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन खालून येत होते. पुढं हे आणि मामा. ह्यांच्या खांद्यावर रिकामी पोती, मामांच्या हातात कुदळ. ह्यांची चालायची रीत मला पाठ होती. वीस पावलं, थांबायचं, कमरेवर हात, परत वीस पावलं. आणि मामा पुढं जाऊन, मागं न बघता, उगीच बांधावरचं गवत उपटत थांबायचे. जन्मभर ते असंच करत आले होते. लेकाला थांबवलं असं वाटू नये म्हणून.

त्या दिवशी वीस पावलं झाली, हे थांबले नाहीत. चाळीस झाली. मी खाली उभी राहून मोजत होते, बुट्टी डोक्यावर तशीच. बोरीच्या झुडपाशी ते मामांच्या बरोबरीला आले आणि बोलता बोलता पुढं गेले. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माळाच्या डोक्यावर पोचले, पोती टाकली आणि मागं वळून बघितलं, तर मामा निम्म्यावर, कुदळीवर रेलून उभे.

"आबा!" हे वरनं ओरडले. पहिल्यांदाच मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला. "दमलासा काय?"

मामा खरंच दमले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि आता ते नाहीत. अठ्ठावन्न-एकोणसाठचा गडी, रोज तो चढ दोनदा चढणारा. ते वर लेकाकडं बघत होते आणि मला त्यांची नुसती पाठ दिसत होती. पाठ हलत होती. मग त्यांनी डोळ्यांवरनं पटका फिरवला.

"व्हय रे बाबा," ते म्हणाले. "जरा थांब. मी येतोय."

आणि आमचे हे, माळाच्या माथ्यावर, कमरेवर हात ठेवून, बापाची वाट बघत उभे राहिले.